५१.४ टक्क्यांचं कारण

परदेशातल्या मोठ्या बिझनेस स्कूलांच्या बहुतेक अर्जांत शेवटी एक चौकट असते. 'आणखी काही सांगायचं आहे का?' अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि ती नाही भरली तरी चालेल, असंही लिहिलेलं असतं. ज्यांचे मार्क चांगले आहेत, नोकरीत खंड नाही, ते ती रिकामी सोडून पुढे जातात. मला ती सोडता येत नव्हती. मला बी.कॉम.ला ५१.४ टक्के आहेत आणि पहिल्या वर्षाच्या तीन केट्या. पहिल्यांदा तो फॉर्म उघडला तेव्हाच कळलं, की ही चौकट माझ्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे.

साधारण तीनशे शब्दांत सांगायचं होतं, की मार्क का कमी पडले. जानेवारीच्या सुरुवातीला अर्जाची शेवटची तारीख होती. अख्खा डिसेंबर मी त्या तीनशे शब्दांवर बसून काढला. जीमॅटचा अभ्यास मी आठ महिन्यांत संपवला होता, स्कोअरही बरा आला होता. पण जीमॅटच्या प्रश्नांना उत्तर असतं. या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक उपयोगी होतं आणि दुसरं खरं होतं. त्यातही गंमत अशी, की उपयोगी उत्तरातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आधी घरची परिस्थिती सांगतो. आम्ही लालबागला राहतो, चाळीत. एक खोली, त्यात चार माणसं. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात बाहेर पडलेल्या अडीच लाखांच्या आसपासच्या कामगारांपैकी ते एक. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, त्यामुळे आमच्या घरात तो बरीच वर्षं चालूच होता असं म्हणायला हरकत नाही. बाबा हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. मी सेकंड इयरला असताना, ऑगस्टमध्ये, त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. परळच्या हॉस्पिटलात तीन आठवडे, मग घरी फिजिओ, मग दुकानाची नोकरी सुटणं. मी संध्याकाळचं डेटा एन्ट्रीचं काम धरलं. ताई माझ्याहून एक वर्षाने मोठी, तेव्हा टीवायला होती. रात्री हॉस्पिटलात कोण थांबणार याच्या आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

आता मी लोअर परळला एका कंपनीत ऑपरेशन्समध्ये आहे. जिथे बसतो ती इमारत जुन्या गिरणीच्या जागेवर उभी आहे. पाच वर्षांत तीन बढत्या झाल्या. पण एमबीएच्या अर्जात आजचं काम लिहायची जागा वेगळी असते आणि एकोणिसाव्या वर्षीचे मार्क लिहायची वेगळी. ते दोन मुलगे एकमेकांना ओळखत असतील का, हे फॉर्म विचारत नाही.

दादरला एक कौन्सेलर आहे, तिच्याकडे मी अर्ज दाखवायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "अरे, तुझ्याकडे इतकी सॉलिड स्टोरी आहे! आजोबा गिरणी कामगार, चाळीतली एक खोली, वडिलांना स्ट्रोक. लो जीपीएचं याहून चांगलं एक्सप्लनेशन काय असणार?" मग तिनेच मला सांगाडा करून दिला. पहिला परिच्छेद संपाचा, दुसरा स्ट्रोकचा, तिसरा 'तरीही मी उभा राहिलो' याचा. ती काही वाईट बाई नाही. कुणाच्या अर्जात काय चालतं हे तिला माहीत आहे, आणि मी त्यासाठीच तिला पैसे दिले होते.

घरी येऊन मी लिहिलं. चांगलं झालं होतं. मग वाटलं, बाबांच्या आजाराबद्दल लिहितोय तर त्यांना वाचून दाखवावं. इंग्रजीतलं मराठीत सांगत गेलो. बाबा आता काठी घेऊन चालतात. बोलणं समजतं, पण एकेक शब्द सावकाश येतो. सगळं ऐकून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण... फर्स्ट इयरला... मी तर कामाला जात होतो ना रे?"

बस, एवढंच. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. साड्यांच्या दुकानात तीस वर्षं हिशोब सांभाळलेल्या माणसाला आकडा जुळत नव्हता, म्हणून त्यांनी विचारलं.

त्यांचं बरोबर होतं. माझ्या तिन्ही केट्या पहिल्या वर्षाच्या. बाबांना झटका आला त्याच्या आधी नऊ महिने मी अकाउंट्स आणि मॅथ्समध्ये नापास झालो होतो. तेव्हा घरात कुणी आजारी नव्हतं. तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या डेकोरेशनला रात्र-रात्र जागत होतो, विसर्जनानंतर त्याच्या गप्पा मारत होतो आणि ऑक्टोबर उजाडल्यावर 'केटी तर सगळ्यांनाच लागते' म्हणत होतो. पुढच्या सेमिस्टरला आणखी एक. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे मार्क बाबांच्या आजारपणामुळे कमी पडले, हे खरंच. पण निम्मी पडझड त्याआधीच झाली होती.

माझ्या निबंधात कुठेच 'बाबांच्या झटक्यामुळे मला केट्या लागल्या' असं वाक्य नव्हतं. 'माझ्या पदवीच्या वर्षांत वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला' एवढंच होतं. वाचणारा उरलेलं स्वतः जोडणार होता. मी फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. खोटं वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार होणार होतं, माझ्या कागदावर नाही. पण ते व्हावं म्हणूनच तर मी त्या तशा ठेवल्या होत्या.

यावर तुम्ही म्हणाल, इतकं काय त्यात? सगळेच करतात. मीही स्वतःला दोन दिवस हेच सांगितलं. पण बाबांनी विचारलेला प्रश्न जात नव्हता, म्हणून मी तो नीट सोडवायचं ठरवलं.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, कारण आणि सबब. आपण ते वापरतो तेव्हा फरक नेमका कळतो. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला बाई विचारतात, "काय कारण?" आणि उत्तर पटलं नाही की म्हणतात, "सबबी सांगू नकोस." कारण म्हणजे जे घडलं त्याच्या मागचं. सबब म्हणजे जे घडलं ते आपल्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे केलेलं. खरी अडचण अशी, की एकच गोष्ट दोन्ही असू शकते. बाबांचा आजार माझ्या टीवायच्या मार्कांचं कारण आहे. तोच आजार एफवायच्या मार्कांपुढे धरला की सबब होतो. आजार तोच, बाबा तेच, फक्त तारीख बदलली.

मग मी स्वतःला विचारलं, की समजा तारखा जुळल्या असत्या, तर? बाबा पहिल्याच वर्षी आजारी पडले असते, तर सगळे मार्क माफ झाले असते का? इथे मला ताईकडे बघावं लागलं.

ताईला त्याच वर्षी टीवायला ७४ टक्के मिळाले. हॉस्पिटल तेच, पाळ्या त्याच, घरातला दिवाही तोच एक. उलट तिला सकाळी स्वयंपाकाला हात लावावा लागायचा, मला नाही. म्हणजे आमच्या घरात जणू एक प्रयोगच झाला. परिस्थिती एक आणि निकाल दोन. परिस्थितीमुळे मार्क गेले असं मी म्हणालो, तर शेजारीच बसलेली ताई काही न बोलता ते खोडून काढते.

यावर सुटकेचा एक रस्ता आहे, आणि तो मला एका पॉडकास्टवर सापडला. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात म्हटलंय, की हुशारी तर आपली कमाई नाहीच, पण मेहनत करायची तयारीसुद्धा बरीचशी घर आणि परिस्थिती यांवर ठरते. म्हणजे 'ती कष्टाळू, मी आळशी' हेसुद्धा आम्ही निवडलेलं नाही. मोठी मुलगी म्हणून तिला लहानपणापासून जबाबदारीची सवय लावली गेली. मुलगा म्हणून मला रात्री दोनपर्यंत मंडपात बसायला कुणी अडवलं नाही. हे ऐकून मला दोन मिनिटं फार बरं वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं, की या हिशोबात मी सुटतो खरा, पण ताई बुडते. माझं नापास होणं माझं नाही, तर तिचं पास होणंही तिचं नाही. माझ्यावरचा दोष काढून घ्यायचा, तर तिचं श्रेयही काढून घ्यावं लागतं. ज्या मुलीने हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून कॉस्टिंगची गणितं सोडवली, तिला जाऊन सांगायचं, की 'तुझ्या हातात काहीच नव्हतं, तुझं आपलं ते झालं'? मला ते जमेना. रॉल्स चूक आहे असं मी म्हणत नाही. तो शिक्षा-बक्षिसांबद्दल बोलत नव्हता, समाजाने वाटप कसं करावं याबद्दल बोलत होता. पण त्याचा युक्तिवाद उचलून स्वतःच्या केट्यांवर पांघरूण म्हणून घालायला मी निघालो होतो, ते चूक होतं.

आता दुसऱ्या बाजूने बघू. अर्ज तपासणाऱ्यांनी आपल्या जुन्या मार्कांचं काय करायला हवं? आपल्याकडे या प्रश्नाची दोन अगदी उलटी उत्तरं आहेत आणि दोन्ही अधिकृत आहेत.

पहिलं उत्तर आयआयएमचं. कॅटला बसायला पदवीला किमान ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. तेवढ्यावर भागत नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवी या सगळ्यांचे मार्क मोजले जातात. म्हणजे पंधराव्या वर्षी तुम्ही काय केलं, ते पंचविसाव्या वर्षी तुमच्यासोबत रांगेत उभं असतं.

दुसरं उत्तर आमच्या घरापासून लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. चर्चगेटची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट, आपण जिला नुसतं 'बजाज' म्हणतो. मुंबई विद्यापीठाने ती १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने काढली. तिथे एमएमएसला जायचं तर राज्याची सीईटी द्यायची. पदवीला खुल्या गटात किमान ५० टक्के हवेत, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४५. एकदा त्या रेषेच्या वर आलात, की यादी सीईटीच्या गुणांवर लागते. मुलाखत नाही, निबंध नाही, 'आणखी काही सांगायचंय का' नाही. माझे ५१.४ आणि एखाद्याचे ९१.४ तिथे सारखेच.

मला साहजिकच दुसरं उत्तर आवडलं. यात काहीतरी उदार आहे. 'तू तेव्हा काय होतास ते आम्हाला नको, आज काय येतं ते दाखव.' मुंबई विद्यापीठाची केटीही तशीच नाही का? एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. नापास झालास तरी पुढच्या वर्गात बस, मागचा विषय मागाहून सोडव. दोन-अडीच तासांच्या एका पेपरवर माणसाचं वर्ष थांबवू नये, एवढा समजूतदारपणा त्या कंटाळवाण्या नियमात आहे.

पण हेही मी ताईसमोर बोललो, आणि ती हसली. "म्हणजे माझे चौऱ्याहत्तर आणि तुझे एक्कावन्न एकच?"

एकच. बजाजच्या दारात ताईच्या तीन वर्षांची किंमत शून्य आहे. माझा भूतकाळ विसरणारा नियम तिचाही विसरतो. क्षमा करणाऱ्याने पाटी पुसली तर त्यावर लिहिलेलं सुंदर अक्षरही पुसलं जातं. आयआयएमचं दार माझ्यावर कठोर आहे, पण ताईवर ते मेहेरबान नाही, फक्त न्यायी आहे. तिने रोज थोडं-थोडं साठवलेलं ते मोजतं. इतके दिवस मी विचारत होतो, 'जुने मार्क मोजणं क्रूर नाही का?' खरा प्रश्न असा होता, की विसरण्याची किंमत कोण भरतं?

मग तिसरा मार्ग म्हणून ती चौकट आली. आकड्याच्या पलीकडे माणूस बघायचा, त्याची गोष्ट ऐकायची, निबंध, शिफारसपत्र, मुलाखत. हे ऐकायला फार चांगलं वाटतं. पण याचा इतिहास थोडा काळा आहे. १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या अमेरिकन विद्यापीठांनी प्रवेशात 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व यांना वजन द्यायला सुरुवात केली, त्यामागे परीक्षेत चमकणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरणं हा एक मोठा हेतू होता, हे आता नीट नोंदलेलं आहे. माणूस बघायचा म्हटलं की बघणाऱ्याचे डोळे आले, आणि डोळ्यांना आडनाव दिसतं, उच्चार दिसतो, कपडे दिसतात. सीईटीच्या कॉम्प्युटरला माझं इंग्रजी लालबागचं आहे की मलबार हिलचं हे कळत नाही. आंधळ्या आकड्याचा तो गुण आहे.

तरीही डोळ्यांनी काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. मला केट्या लागल्या तेव्हा मित्रांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर धीर द्यायला पाठवलं होतं, 'बाबासाहेबांनाही मॅट्रिकला कमी मार्क होते!' १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. टक्केवारी काढली तर ३७.६. आजच्या कुठल्याही बिझनेस स्कूलच्या गाळणीत हा आकडा टिकणार नाही. पुढे १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवली.

धीर म्हणून हे वाचलं तर छान वाटतं. पण नीट वाचलं तर लाज वाटते. एक तर १९०७ चे गुण आजच्या नव्वदीच्या मोजपट्टीवर मोजता येत नाहीत. दुसरं, त्या २८२ च्या मागे काय होतं? परळच्या चाळीतली एक खोली, पहाटे दोनला उठून केलेला अभ्यास, आणि जातीमुळे संस्कृत शिकू दिलं नाही म्हणून घ्यावी लागलेली फारसी. गुणपत्रिकेवर 'फारसी' एवढंच येतं. दार कुणी बंद केलं ते येत नाही. त्यांच्यासमोरची दारं दुसऱ्यांनी बंद केली होती. एफवायला माझ्यासमोर अकाउंट्सच्या वर्गाचं दार सताड उघडं होतं आणि मी आत गेलो नव्हतो. त्यांचा आकडा माझ्या आकड्याशेजारी ठेवणं हीसुद्धा दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून केलेली लबाडीच.

पण त्या कथेतला एक भाग मात्र मला उपयोगी पडला. शाळेत असताना भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना पाहिलं. रोज हा मुलगा क्रिकेट सोडून पुस्तक घेऊन का बसतो, याचं त्यांना कुतूहल वाटलं. मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेज सुरू राहिलं.

माझी मावशी गिरगावात राहते. एका रविवारी तिच्याकडून निघालो आणि चर्नी रोड स्टेशनसमोरच्या त्या बागेत जाऊन बसलो. आता तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. मनात येत होतं, केळुसकरांनी नेमकं काय पाहिलं? त्यांनी मुलाची दुःखाची गोष्ट ऐकून घेतली नाही. त्यांनी त्याला वाचताना पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग विश्वास टाकला. त्यांना त्या मुलाला माफ करायचं नव्हतं. हा मुलगा पुढे काय करेल, याचा अंदाज घ्यायचा होता.

तिथे मला वाटतं माझा गुंता सुटला. मी तीन प्रश्न एकात एक घालून बसलो होतो. मार्क का गेले? दोष कुणाचा? जागा कुणाला द्यायची? मी तिसऱ्याचं उत्तर मिळवण्यासाठी दुसऱ्याचं उत्तर देत होतो. 'दोष माझा नाही, म्हणून जागा द्या.' पण बिझनेस स्कूलमधली जागा हे निर्दोष सुटल्याचं बक्षीस नाही, जशी नकार ही शिक्षा नाही. ती एक जबाबदारी सोपवणं आहे. आमचं मंडळ खजिनदार निवडतं तेव्हा लहानपणी कुणी किती मार खाल्ला हे विचारत नाही. याच्या हातात पैसे दिले तर हिशोब येईल का, एवढं विचारतं. आणि एखाद्याने मागे एकदा हिशोबात घोळ घातला असेल, तर 'तेव्हा माझी आई आजारी होती' यापेक्षा 'घोळ माझा होता, त्यानंतर पाच वर्षं हा बघा हिशोब' हे ऐकून लोक त्याला पुन्हा उभं करतात.

मग चौकटीत लिहायचं ते माफीनामा किंवा करुण कहाणी नसतं. पुढचा अंदाज नीट बांधता यावा म्हणून दिलेली बरोबर माहिती असते. बाबांचा आजार त्यात यायलाच हवा, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे मार्क त्याशिवाय चुकीचा अंदाज देतात. आणि पहिल्या वर्षाचा बेजबाबदारपणाही यायला हवा, कारण तो लपवला तरीही अंदाज चुकतोच. आजोबांचा संप मात्र माझ्या मार्कांसाठी यायला नको. तो त्यांनी भोगला. मी जन्मलो तेव्हा ते नव्हतेही. त्यांची भूक माझ्या अकाउंट्सच्या पेपरला लावायचा मला काय अधिकार?

आणखी एक गोष्ट राहिली, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची तीच. 'कुणाचं काय जातं?' असं आपण म्हणतो. इथे जातं. कुठेतरी एक मुलगी असेल, जिचे वडील खरोखर पहिल्याच सेमिस्टरला आजारी पडले आणि खरोखर त्यामुळेच ती नापास झाली. ती तेच वाक्य लिहील जे मी लिहिलं होतं. वाचणाऱ्याने माझ्यासारख्यांची तशी शंभर वाक्यं वाचलेली असतील, तर तिचं एकशे एकावं वाक्य त्याला सबबच वाटणार. खरी कारणं ही चाळीच्या सामाईक नळासारखी असतात. प्रत्येकाने थोडं जास्त भरून घेतलं, की शेवटी ज्याला खरंच हवं आहे त्याच्या वेळेला नळाला धार नसते.

मी चौकट पुन्हा लिहिली. दीडशेच शब्द झाले. पहिल्या वर्षाबद्दल दोन वाक्यं, त्यात आजार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाबद्दल तीन वाक्यं, त्यात आजार, तारखेसकट. मग जीमॅट, नोकरीत सांभाळलेली टीम, कामाबरोबर पूर्ण केलेला अकाउंटिंगचा ऑनलाइन कोर्स. कौन्सेलरने वाचलं आणि खांदे उडवले. "प्रामाणिक आहे, पण फ्लॅट झालंय." बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी तारखा ऐकल्या आणि मान हलवली.

तीन ठिकाणी अर्ज केले होते. दोन ठिकाणांहून नकार आला, सभ्य भाषेत, कारण न देता. तिसरीकडे वेटलिस्टवर आहे. पहिला मसुदा पाठवला असता तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही. खरं लिहिल्यामुळे नकार आला, की तसाही आलाच असता, हे सांगणारं कुणी नाही. मला वाटलं होतं, नीट वागलं की निदान मनाला शांतता मिळते. नकार आला त्या रात्री तीही फारशी मिळाली नाही. रात्री दोनला मोबाइल घेऊन जुना मसुदा पुन्हा वाचला. चांगला होता.

पण त्या रात्री एक झालं. ताईही जागीच होती. मी तिला विचारलं, "ताई, चौऱ्याहत्तर टक्के होते तर तू का नाही गं कुठे अर्ज केलास?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा सुचला होता. तीनशे शब्दांच्या चौकटीत स्वतःला बसवताना मी महिनाभर तिचं उदाहरण वापरलं, युक्तिवादात तिला हवं तसं उभं केलं, पण तिला काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "तेव्हा कुणीतरी लगेच पगार आणायला हवा होता ना. नंतर म्हटलं, आधी तुझं होऊ दे."

तिच्या अर्जात सांगण्यासारखं काहीच नसतं. केटी नाही, खंड नाही, समजावून सांगायला काही नाही. ती चौकट तिने रिकामी सोडली असती. ज्यांचं चुकतं त्यांची गोष्ट होते, आणि जे निमूट निभावतात त्यांना 'आणखी काही सांगायचंय का' असं घरातलंही कुणी विचारत नाही.

यंदा सीईटीचा फॉर्म आम्ही दोघांनी भरलाय. ती सकाळी बँकेत जायच्या आधी मॉक देते, मी रात्री ऑफिसवरून आल्यावर. रविवारी दोघंही वरळीच्या अभ्यास गल्लीत जाऊन बसतो, दिव्याच्या खांबाखाली, आपापलं पुस्तक घेऊन. मॉकमध्ये ती माझ्या पुढे आहे. लॉजिकल रीझनिंगमध्ये तर बरीच पुढे.